सहा घरांचं हत्यार

कवीला रिव्हॉल्व्हरशी काय करायचंय, असं कुणी विचारेल. पण मंडळी, माझे अब्बा वसईत फौजदार होते. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. त्यांच्या कमरेला वेब्ली असे. आम्हां मुलांना तिला हात लावायची बंदी. साफसफाई मात्र लांबून बघता येई.

वसईची खारी हवा लोखंडाला मानवत नाही. अब्बा आधी खटका दाबून वेब्ली मधोमध मोडत. सहाही काडतुसं एकदम वर येत. ती दोनदा मोजून बाजूला ठेवायची. मग नळीत आणि सहाही घरांत ब्रश फिरे. काडतुसं वर उचलणाऱ्या चांदणीखाली दारूचा कण राहिला तर चक्र अडतं, म्हणून तिथे कापड जास्त वेळ रेंगाळे. तेल अगदी बेताचं, कारण जादा तेल काडतुसात झिरपून ते निकामी करतं. चामड्याच्या म्यानात हत्यार कायमचं ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं.

1851 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट ॲडम्सने नुसता चाप ओढून घोडा उचलणारं आणि पाडणारं रिव्हॉल्व्हर केलं. त्या काळच्या कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे घ्यावा लागे. 1856 मध्ये ब्यूमाँटने दोन्ही सोयी एकाच हत्यारात आणल्या. वेब्ली ब्रिटिश लष्करात आली 1887 मध्ये. काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं, हा या जातीचा मोठा गुण. चाप मात्र जड, त्यामुळे नेम हलतो. अब्बांना तो जडपणाच आवडे. ‘‘तेवढ्यात माणूस विचार बदलू शकतो,’’ ते म्हणत.

वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने तो बदलला नाही. 22 जुलै 1931 रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात त्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडलं. त्याच वर्षी 12 जानेवारीला येरवड्यात सोलापूरचे चौघे फाशी गेले होते : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. गोळी हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर बसली आणि तो वाचला. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली.

हा किस्सा अब्बा सांगत तो सफाई चालू असतानाच. कुर्बान हुसेनचं नाव आलं की हातातलं कापड थांबे. साहेबाच्या बनावटीचं हत्यार, साहेबाच्याच वेळची पोलीस नियमावली, आणि समोर आम्ही मुलं! पुढे काही न बोलता ते रिकामं चक्र बोटाने फिरवून बघत, काडतुसं तिसऱ्यांदा मोजत आणि टोपी शोधू लागत.