घाटातला कायदा

शिरूर म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, आणि दौंड म्हणजे आगगाडीचे जंक्शन. दोन तालुक्यांमधून भीमा वाहते. शर्यतीचा विषय निघाला की मात्र मुंबईच्या घोड्यांची आठवण इथे कोणालाच होत नाही. बोलणे बैलांवर येते. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि शिरूर या पट्ट्यात चैत्र-वैशाखातली जत्रा बैलगाड्यावाचून सुनी वाटते.

शर्यत कशी लावावी याबद्दल महाराष्ट्राचे कधीच एकमत नव्हते. सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्याला एकच जोडी जुंपतात, पाच-सहा छकडे आपापल्या चाकोरीतून एकदम सुटतात आणि पहिला येईल तो जिंकला. विदर्भात यालाच शंकरपट म्हणतात, आणि त्याची रीत पुन्हा वेगळी. आमच्या घाटात चार बैल लागतात, पुढे जुकाटाला दोन आणि मागे धुरेला दोन. चढावर एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात. झुंज शेजारच्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. अकरा-बारा सेकंदांत सगळा निकाल! त्यामुळे घाटातले भांडण बैलावरून कमी आणि घड्याळ कोणाच्या हातात यावरूनच जास्त व्हायचे. काट्याच्या एका टिचकीसाठी भावकी फुटल्याच्या गोष्टी जाणत्यांकडे पुष्कळ आहेत.

हे वाद गावकीतच मिटत. सरकारी नियम आला तो वेगळ्याच वाटेने. प्राण्यांना निर्दयतेने वागवू नये असा केंद्राचा कायदा 1960 सालचा. जुलै 2011 मध्ये केंद्राने एक अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांत बैलाचेही नाव घातले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. शेपटी पिरगाळणे, खिळे लावलेली काठी टोचणे, विजेचा झटका देणे हे प्रकार घडत होते, आणि घाटाला जाणाऱ्या माणसाने ते पाहिलेच नाहीत असे म्हणणे धाडसाचे होईल. उलट शेतकरी म्हणत होता, नांगर ट्रॅक्टरने नेला, आता शर्यतही गेली, तर खिल्लार खोंड सांभाळायचा कोणी आणि कशासाठी? गोठ्यातल्या जनावराला खाऊ घालायला निमित्त लागते, हेही खोटे नव्हे.

मग नियमांचा खल सुरू झाला. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने दोन किलोमीटरपर्यंतच्या धावपट्टीवर शर्यतीला मुभा दिली. न्यायालयाने ती आठवड्याच्या आत स्थगित केली. 2017 साली महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि क्रौर्य झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पुढे केलेल्या नियमांत धावपट्टी एक हजार मीटरच्या आत आणली. पण मुंबई उच्च न्यायालयाने बैलाची शरीररचनाच धावण्यासाठी नाही असे म्हणून वाट अडवली, आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले.

एक हजार मीटर की दोन, यावर एवढा काथ्याकूट झाला, तो आम्हांला काहीसा मजेशीर वाटतो. घाटातली बारी त्याच्या कितीतरी आत संपते! अंतराचा नियम घाटाला लागलाच नाही. लागला तो काठीचा. गाडीवानाच्या हातात काय असावे, हा खरा प्रश्न होता. आमच्या मते घड्याळाची रीत इथे थोडी बरी पडते, कारण शेजारी दुसरा गाडा नसल्याने त्याच्या पुढे जाण्याच्या ईर्ष्येने बैलाला मारण्याचा मोह जरा कमी होतो. अर्थात घड्याळाचीही ईर्ष्या असतेच, आणि सातारकरांना हे पटणार नाही.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि साडेसात वर्षे मुके पडलेले घाट पुन्हा ‘भिर्रर्र’ म्हणून गर्जले. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात जन्मलेल्या पोरांनी बारी पाहिलीच नव्हती. आता जत्रेची तयारी फळीवरच्या गुलालाने सुरू होत नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग पशुवैद्याचा दाखला, आणि त्यानंतर घाटाची डागडुजी.