शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं असतात, पण त्यांची मोजणी शून्यापासून होते. संगणकवाल्यांची सवय म्हणून आपण सोडून देतो. खरं कारण इतिहासात आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली अमेरिकेत ग्नू प्रकल्प जाहीर केला. फेब्रुवारी 1986 च्या त्यांच्या पत्रिकेत दोनच स्वातंत्र्यं दिसतात : प्रोग्रामची प्रत शेजाऱ्याला देण्याचं आणि प्रोग्राम बदलण्याचं. बदलायचा तर सोर्स कोड हाती हवाच. 1990 च्या सुमारास ती तीन झाली. मग लक्षात आलं, अहो, प्रोग्राम चालवण्याचं स्वातंत्र्य लिहायचंच राहिलं! ते सर्वांत मूलभूत. बाकीचे आकडे न हलवता त्याला शून्य दिला.

आम्हाला हेच स्वातंत्र्य सगळ्यांत अवघड वाटतं. 'कोणत्याही कामासाठी' म्हटलं की लिहिणाऱ्याला न पटणारं कामही त्यात आलं. शाळेत चालेल तसं शस्त्रांच्या कारखान्यातही चालेल. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसॉनच्या परवान्यात अट घातली, की वापर चांगल्यासाठी व्हावा, वाईटासाठी नको. यात वावगं काय, असं कुणीही विचारील. पण चांगलं कोणतं हे ठरवणार कोण? वापरावर बंधन आलं, शून्याचा भंग झाला. म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तो परवाना मुक्त मानत नाही.