नेट सारखं जातंय? केबलवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा

मुलांची ऑनलाइन परीक्षा सुरू असतानाच नेट जातं आणि राग राउटरवर निघतो. पण दोष वायफायचा आहे की घरात येणाऱ्या लाइनचा, हे आधी ओळखा.

१. दिवे बघा: फायबर मोडेमवर 'पॉन' दिवा स्थिर हवा. 'एलओएस' लाल चमकत असेल, तर सिग्नलच घरापर्यंत येत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करण्यात अर्थ नाही, थेट तक्रार करा.

२. लॅन केबल लावा: लॅपटॉप राउटरला थेट जोडा. आता नेट नीट चाललं, तर दोष वायफायचा. राउटर कपाटातून किंवा टीव्हीमागून काढून मोकळ्या, उंच जागी ठेवा. जवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो, पण त्यावर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते.

३. वायर तपासा: फायबरच्या आत काच असते. दारात चेमटली किंवा जास्त वाकली, की सिग्नल कमजोर होतो. तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेझर दिसत नाही.

४. लाइट गेल्यावरच नेट जातं? जुन्या लॅन जोडणीत इमारतीतल्या स्विचलाही वीज लागते. घरचा इन्व्हर्टर तिथे कामाचा नाही.

५. नोंद ठेवा: तारीख, वेळ, दिव्यांचा फोटो. "नेट स्लो आहे" यापेक्षा "रोज रात्री ९ ला लाल दिवा लागतो" ही तक्रार टाळणं अवघड जातं. तक्रार क्रमांक मात्र नक्की मागून घ्या.