साधन-खिडकीचे स्मरण : आरेखन-आज्ञावलींच्या इतिहासातील एक प्रकरण

आरेखकाच्या मेजावर गुण्या, कंपास व पट्टी यांच्या जागा ठरलेल्या असतात. काम संपवून तो घरी गेला, तरी दुसऱ्या दिवशी ती साधने जेथल्या तेथे सापडतात, कारण त्यांची जागा मेजच राखून ठेवते. संगणकाच्या पडद्यावरील साधन-खिडकीचे तसे नाही. आज्ञावली बंद झाली की खिडकी नाहीशी होते, आणि पुन्हा सुरू केल्यावर ती नव्याने घडवावी लागते. कालची जागा तिला आठवावयाची, तर ती कोणीतरी लिहून ठेविली पाहिजे. हे लिहून ठेवणे कोणाचे काम, आणि कोणत्या नावाने लिहावयाचे, या दोन प्रश्नांचा इतिहास प्रस्तुत टिपणात मुख्यतः ऑटोकॅड या आज्ञावलीच्या आधारे पाहावयाचा आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्नच उद्भवला नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटी येथे सादर केलेल्या 'स्केचपॅड'मध्ये आज्ञा देण्याची बटणे पडद्याबाहेरील एका पेटीवर होती. १९८२ मध्ये अवतरलेल्या ऑटोकॅडच्या आरंभीच्या वापरातही पुष्कळ आरेखक अंकन-पाटीवर छापील तक्ता पसरून त्यावरील चौकटींतून आज्ञा निवडीत. साधनाची जागा येथे कागदावर व लाकडावर स्थिर होती. साधने पडद्यावर आली आणि वापरणाऱ्याला ती हलविता येऊ लागली, तेव्हाच स्मरणाची गरज निर्माण झाली.

याच सुमारास ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने एक निराळा आदर्श पुढे ठेविला. १९८५ मधील त्याच्या एचएफएस या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फोल्डरच्या नोंदीत त्याच्या खिडकीचा आयत साठविण्याची सोय होती. त्यामुळे फोल्डर उघडला की त्याची खिडकी पूर्वीच्या जागी दिसे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फोल्डरला तबकडीवर स्वतंत्र अस्तित्व होते, म्हणून त्याच्या नोंदीला जागा जोडणे सोपे गेले. बाहेरून जोडलेल्या पूरक आज्ञावलीच्या, म्हणजे प्लगिनच्या, खिडकीला असे कोणतेही टिकाऊ अस्तित्व नव्हते.

ऑटोकॅडच्या इतिहासात या अडचणीचे पहिले उत्तर १९९२ च्या बाराव्या आवृत्तीत दिसते. तीत डीसीएल या भाषेने स्वतःच्या डायलॉग-चौकटी रचण्याची सोय ऑटोलिस्पच्या लेखकांना मिळाली. चौकट बंद करणारे 'डन-डायलॉग' हे फलन, त्या क्षणी चौकट जेथे होती त्या बिंदूचे निर्देशांक परत करी. चौकट उघडणारे 'न्यू-डायलॉग' हे फलन तसाच बिंदू स्वीकारी. यजमान आज्ञावली जागा सांगत होती, परंतु ती जपून ठेवणे हे प्लगिन-लेखकाचे काम होते. त्याने तो बिंदू एखाद्या चलात ठेविला, तर ते स्मरण त्या बैठकीपुरते टिके. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवावयाचे, तर तो फाइलीत लिहावा लागे. शिवाय या चौकटी उघड्या असेपर्यंत आरेखनाचे काम थांबे; त्यामुळे जागा विसरली गेली तरी होणारा त्रास क्षणिकच असे.

विंडोज प्रणालीतील लेखकांची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये खिडकीची स्थिती विचारण्याची व पुन्हा लावण्याची फलने आली. मूल्ये मात्र लेखकाने आयएनआय फाइलीत, व १९९५ नंतर बहुधा रजिस्ट्रीत, स्वतः लिहावयाची असत. १९९८ मध्ये विंडोज ९८ ने एकाच संगणकास अनेक पडदे जोडण्याची सोय केली, आणि स्मरणाचा एक नवा दोष उघड झाला. दुसऱ्या पडद्यावर ठेविलेली खिडकी, तो पडदा काढल्यावरही, इमानाने तेथेच उघडे. खिडकी उघडलेली असूनही कोठेच दिसत नसे. म्हणजे जागा आठवणे पुरेसे नाही. ती जागा आज अस्तित्वात आहे काय, हेही पडताळून पाहिले पाहिजे.

खरे स्थित्यंतर घडले ते पॅलेटमुळे. ऑटोकॅड २००४ या आवृत्तीने साधन-पॅलेट आणले. ही खिडकी काम चालू असताना उघडी राहते, कडेला चिकटते, आपोआप मिटते. पुढे डॉट-नेटमधून प्लगिन लिहिणाऱ्यांसही 'पॅलेटसेट' हा वर्ग उपलब्ध झाला. तो घडविताना लेखकाने १२८ बिटांची एक अनन्य ओळख-संख्या दिली, तर जागा, आकार व कडेला चिकटण्याची अवस्था यजमान स्वतःच्या प्रोफाइल-फायलींत लिहितो व पुढील वेळी परत देतो. संख्या दिली नाही तरी पॅलेट उघडते. परंतु ते कालचेच आहे हे यजमानास ओळखता येत नाही. ओळख-संख्येबरोबर आज्ञेचे नाव देण्याचीही सोय आहे, कारण आरंभीच पॅलेट पुन्हा उभे करावयाचे, तर कोणाला हाक मारावयाची हे यजमानास ठाऊक असावे लागते.

या व्यवस्थेत होणाऱ्या चुकाही उद्बोधक आहेत. कोणी प्रत्येक वेळी नवी संख्या निर्माण करतो. मग पॅलेट रोज परके ठरते. कोणी नमुन्यातील संख्या जशीच्या तशी उतरवितो. मग दोन प्लगिन एकाच नोंदीवर हक्क सांगतात. कोणी पॅलेट घडविल्यानंतर दर वेळी आकार व बाजू स्वतः ठरवितो, आणि यजमानाने जपलेले स्मरण पुसून टाकतो. आरंभीची मांडणी ही केवळ पहिल्या उघडण्यापुरती असावी, हा विवेक येथे सुटतो.

हेच तत्त्व इतरत्रही आढळते. स्केचअपच्या रूबी प्लगिनमध्ये संवाद-खिडकीस एक किल्लीवजा नाव दिले, तरच तिची जागा व आकार साठविले जातात. रेव्हिट २०१४ पासून प्लगिनला कडेस लागणारी खिडकी नोंदविता येते. तिलाही अनन्य ओळख-संख्या आवश्यक असते. स्वतंत्र मार्गांनी वाढलेल्या या आज्ञावली एकाच उत्तरापाशी येऊन थांबाव्यात, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, खिडकीच्या स्मरणाचा इतिहास हा वस्तुतः तिच्या ओळखीचा इतिहास आहे. निर्देशांक नोंदविण्याची सोय १९९२ मध्येच होती. उणीव होती ती खिडकीस टिकाऊ नाव देण्याची, आणि त्या नावाखालील नोंद सांभाळण्याची जबाबदारी यजमानाने घेण्याची. दिवसभर आरेखन करणाऱ्याचा हात न पाहता साधनाकडे जातो, तो त्या साधनाच्या जागेवर विसंबून. ती जागा त्याने स्वतः निवडलेली असते. ती रोज हिरावून घेणारी आज्ञावली, इतर बाबतींत कितीही समर्थ असली, तरी आरेखकाला रोज नव्याने मेज मांडावयास लावते.