डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकण



2024 साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमधला एक फोटो तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मोबाइलवर आला असेल. तुर्कस्तानचे नेमबाज युसुफ डिकेच. एक हात खिशात, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, दुसऱ्या हातात पिस्तूल. ‘ना टोपी, ना कसली साधनं, तरी रौप्यपदक!’ अशी सगळीकडे वाहवा झाली. त्याच स्पर्धेत, म्हणजे 10 मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात, आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्यपदक मिळवलं. पण तो फोटो नीट पाहिला तर दिसतं, की डिकेच यांच्या कानांत बोळे आहेत. शिवाय ते पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालणारं होतं, त्यात बारूद नसते. म्हणजे साधनांशिवाय नेमबाजी होते, असं काही त्या फोटोवरून ठरत नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ते नेमबाजीच्या मैदानावरच्या तीन साध्या वस्तूंबद्दल: टोपी, संरक्षक चष्मा आणि कानावरची झाकणं. या वस्तू हौसेपोटी आलेल्या नाहीत. कुणाचं तरी नुकसान झालं, ते कुणीतरी नोंदवून ठेवलं, आणि मग त्या आल्या.

सुरुवात कानापासून करू. तोफा आल्या तेव्हापासून तोफ डागणाऱ्यांचे कान जात आले. 1782 साली इंग्रजांचे आरमारी सेनापती रॉडनी यांच्या जहाजावरून एका लढाईत तोफांच्या ऐंशी फैरी झडल्या आणि त्यानंतर चौदा दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं, अशी नोंद आहे. त्या काळचे तोफेवरचे खलाशी डोक्याला रुमाल बांधायचे, तो कानांवरून घट्ट आवळून. तेवढंच त्यांचं संरक्षण. बाकी, बहिरेपण म्हणजे तोफखान्यात काम केल्याची खूण, असं समजून सगळे गप्प बसायचे.

गप्प न बसणारे पहिले लोक कारागिरांच्या वस्तीत फिरणारे डॉक्टर होते. इटलीचे रामाझ्झिनी यांनी 1713 साली व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलं, की दिवसभर तांब्यावर ठोके घालून त्यांचे कान निकामी होतात. पुण्याच्या तांबट आळीतून जी गेली असेल तिला हे वेगळं सांगायला नको. पुढे 1886 साली ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले, आणि तुलनेसाठी शंभर पोस्टमनही तपासले. बॉयलरवाल्यांत एकाचेही कान धड निघाले नाहीत. वय झालं म्हणून ऐकू येत नाही, असं म्हणायची सोय आता उरली नाही. दोष आवाजाचा होता, हे आकड्यांनी दाखवून दिलं.

तरीही दोन महायुद्धं होऊन गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कान गमावलेले इतके सैनिक परतले, की त्यांच्यासाठी खास रुग्णालयं चालवावी लागली. तिथूनच ऐकण्याचं शास्त्र ही वेगळी शाखा उभी राहिली. दाबून कानात घातल्यावर फुगून बसणारे फोमचे बोळे बाजारात आले ते 1970च्या दशकात.

कानात नेमकं होतं काय? आतल्या बाजूला शंखासारखा एक अवयव असतो. त्यात अगदी बारीक केसांच्या हजारो पेशी असतात. आवाजाची लाट आली की हे केस शेतातल्या पिकासारखे डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठा आवाज म्हणजे वादळ. पीक आडवं होतं. कधी ते पुन्हा उभं राहतं, म्हणून कानाला बसलेला दडा दुसऱ्या दिवशी सुटतो. पण मोडलेला केस परत उगवत नाही. आपलं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. बंदुकीचा बार 140 किंवा त्याहून जास्त असतो. डेसिबलच्या हिशोबात दर 10ने आवाजाची शक्ती दहापट होते, म्हणून ही वाढ दिसते त्याहून फार मोठी आहे. अशा आवाजाचा एकच बारसुद्धा कायमचं नुकसान करू शकतो.

आणि पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच स्वर. पाखरांचा चिवचिवाट, लहान मुलांची हाक, बायकांचा आवाज, बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या घरच्या माणसाला ‘मुद्दाम ऐकत नाही’ म्हणून आपण बोल लावतो. त्याआधी एकदा त्याचे कान तपासून घ्यायला हवेत.

आता डोळे. काडतूस उडतं तेव्हा गरम वायू आणि न जळलेल्या बारुदीचे कण मागेही येऊ शकतात. लोखंडी निशाणावर आपटलेल्या गोळीचे तुकडे उलट फिरतात. पूर्वीच्या काचेच्या चष्म्याचीच भीती, कारण फुटलेली काच डोळ्यात जाते. 1953 साली जर्मनीत आणि अमेरिकेत, वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे, पॉलिकार्बोनेट नावाचं चिवट प्लॅस्टिक तयार केलं. पुढे त्याच्या भिंगांचे चष्मे निघाले. मार लागला तर ते वाकतं, पण सहसा काचेसारखं फुटत नाही. टीव्हीवर नेमबाजांच्या एका डोळ्यापुढे भिंग आणि दुसऱ्यापुढे पट्टी दिसते, तो चष्मा नेम धरण्यासाठी असतो. संरक्षणाचा चष्मा वेगळा, दोन्ही डोळे आणि बाजू झाकणारा.

मग टोपी कशासाठी? ऊन आणि झगमग अडवायला, हे तर झालंच. पण खरं कारण बंदुकीच्या बदलात आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकाम्या पुंगळ्या आतच राहायच्या. 1890च्या दशकात आपोआप भरणारी पिस्तुलं आली आणि प्रत्येक बाराला पितळेची तापलेली पुंगळी बाहेर उडू लागली. ती वर जाऊन खाली पडते. कधी नेमकी चष्मा आणि कपाळ यांच्या फटीत अडकते. चटका बसला की माणूस दचकतो, हात चेहऱ्याकडे जातो, आणि दुसऱ्या हातातली भरलेली बंदूक कुणाकडे वळेल, सांगता येत नाही. टोपीचा पुढचा पडदा ही फट झाकतो. म्हणजे टोपी फक्त घालणाऱ्याला जपत नाही, शेजारी उभ्या असलेल्यांनाही जपते.

या तिन्ही वस्तू एकमेकींना धक्का न लावता बसल्या पाहिजेत. कानाच्या झाकणाची गादी कातडीला चारी बाजूंनी चिकटली तरच आवाज अडतो. चष्म्याची काडी जाड असेल, टोपीची कड कानावर आली असेल, मध्ये ओढणी, वेणीचे केस किंवा झुमका असेल, तर फट राहते आणि आवाज आत शिरतो. म्हणून बारीक काडीचा चष्मा, कानाच्या वर राहणारी टोपी, केस मागे बांधलेले, कानातलं काढून ठेवलेलं. बंदिस्त जागेत आवाज भिंतींवरून परततो, तिथे आत बोळे आणि वरून झाकण, दोन्ही वापरावं.

ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी नेमबाजीचे वेगळे प्रकार सुरू झाले 1984 साली. त्यानंतर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली विश्वविजेत्या झाल्या, आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आज आपल्या गावांतल्या मुली पोलीस भरतीला जातात, एनसीसीत जातात, होमगार्डमध्ये नाव घालतात. गोळीबाराच्या सरावाचा दिवस त्यांच्याही वाट्याला येतो. तिथे ‘घाबरतेस काय? सवय होईल’ असं कुणी म्हणालं, तर काय उत्तर द्यायचं ते त्यांना ठाऊक असू द्या. सवय होते असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा कान कमी ऐकू लागलेले असतात.

तेव्हा गटाच्या येत्या बैठकीला अशा मुलींना बोलवा. सरावाला जाताना पडद्याची टोपी न्यायची, आणि पहिल्या बाराआधी कानाचं झाकण आणि चष्मा मागून घ्यायचा, एवढं त्यांना सांगा. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडा दुसऱ्या दिवशीही सुटला नाही, तर लगेच कानाच्या डॉक्टरकडे न्या.