दूरध्वनीवरील वर्ग ते आंतरजालीय प्रशिक्षण
नोकरीत असलेल्यांना कामाचे ठिकाण न सोडता आवाजाच्या माध्यमातून शिकवण्याची पद्धत आंतरजालाहून जुनी असून, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६५ साली राज्यभर विखुरलेल्या डॉक्टरांसाठी दूरध्वनीवरून वर्ग सुरू केले होते. अशा वर्गांसाठी संपूर्ण संभाषणभर तार राखून ठेवावी लागे. याउलट १९७४ साली अर्पानेट या संगणकजाळ्यावर झालेल्या प्रयोगात आवाजाचे अंकीय रूपांतर करून त्याचे लहान तुकडे, म्हणजे ‘पॅकेट’, पाठवले गेले आणि पलीकडे पुन्हा जुळवले गेले. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने हे तंत्र घरगुती संगणकावर आणले, तरी तुटक आवाजामुळे शिकवण्यासाठी ते अपुरेच होते.

भारतात अशा आंतरजालीय दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. मात्र सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी ही यंत्रणा जोडण्यावरील निर्बंध आणि घरून काम करण्यासाठीच्या अटी कॉल सेंटरांना दीर्घकाळ जाचक ठरल्या, आणि हा अडसर तंत्राचा नव्हे, धोरणाचा होता, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. कोविड महासाथीने घरांचीच कार्यालये केल्यानंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये, दूरसंचार विभागाने त्या अटी बव्हंशी शिथिल केल्या. त्यामुळे पर्यवेक्षकाने नवशिक्याचे चालू संभाषण दुरून ऐकत, ग्राहकाला ऐकू न जाता नवशिक्याच्या कानात सूचना देण्याची कार्यालयातील जुनी रीत घरी बसलेल्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवणे सोपे झाले.