अँटिबायोटिक्सची घराणी आणि ‘अ‍ॅलर्जी’चा रकाना



उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांकडे भारतातून आई-वडील येतात. बॅगेत लाडू, मेतकूट आणि औषधांची एक पिशवीही असते. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. अर्जंट केअरमधल्या फॉर्मवर ‘औषधांची अ‍ॅलर्जी’ हा रकाना होता. “मला त्या मोठ्या पांढऱ्या गोळीची रिअ‍ॅक्शन येते,” त्या म्हणाल्या. नाव आठवेना. डॉक्टर ‘बॅक्ट्रिम’ लिहून देणार होते. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता, तरी दिरांना उठवून जुनी चिठ्ठी शोधायला लावली. तिच्यावर नाव होतं ‘सेप्ट्रान’. म्हणजे तेच औषध, फक्त नाव वेगळं! पूर्वी त्याने त्यांच्या अंगावर चट्टे उठले होते आणि तोंडात फोड आले होते. मी स्वतः फार्मसिस्ट, आणि हे आधी विचारून ठेवायचं मलाच सुचलं नव्हतं.

म्हणून हा लेख. (अर्थात तुमच्या डॉक्टरांचा सल्ला पहिला!)

गाण्यात जशी घराणी, तशी अँटिबायोटिक्सचीही असतात. एकाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याच घराण्यातल्या दुसऱ्याचीही शक्यता राहते. सगळ्यांत प्रसिद्ध घराणं पेनिसिलीनचं. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती पेनिसिलीन देशात बनवण्यासाठीच. अमॉक्सिसिलिन (भारतात मॉक्स, नोव्हामॉक्स) आणि ऑगमेंटिन ही याच घरातली. केफ्लेक्स किंवा भारतातलं टॅक्सिम-ओ ही सेफॅलोस्पोरिन, म्हणजे पेनिसिलीनची चुलत भावंडं. पेनिसिलीन चालत नसेल तर दहातल्या एकाला हीसुद्धा चालत नाहीत असं पूर्वी शिकवत. आता हे प्रमाण सुमारे २ टक्के मानतात.

सेप्ट्रान-बॅक्ट्रिम हे सल्फा घराणं. इथलं ‘झी-पॅक’ आणि तिकडचं अ‍ॅझिथ्राल एकच, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ते घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. नावाच्या शेवटी ‘मायसिन’ आहे म्हणून क्लिंडामायसिनला मात्र त्याचं भावंड समजू नका. आडनाव एक, भावकी वेगळी!

सिप्रो (सिप्लॉक्स) आणि नॉरफ्लॉक्स यांच्या घराण्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण भारतातून येणाऱ्या पिशवीत ही हमखास असतात आणि पोट बिघडलं की परस्पर घेतली जातात. २००८ मध्ये एफडीएने यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण टाचेमागची शीर, म्हणजे स्नायुबंध, दुखावण्याचा किंवा तुटण्याचा धोका. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना तो अधिक. २०१८ मध्ये रक्तातली साखर फार खाली जाण्याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. मधुमेही आजी-आजोबांच्या बाबतीत हे विसरू नका. शिवाय सिप्रो नुसत्या दूध-ताकाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच.

आता खरी गल्लत. मळमळ, थोडे जुलाब, तोंडाला वाईट चव हे बहुधा दुष्परिणाम, अ‍ॅलर्जी नव्हे. (मात्र पातळ जुलाब दिवसातून अनेकदा होऊ लागले, अगदी कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरी, डॉक्टरांना कळवा. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.) गोळीनंतर तासाभरात अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, चक्कर अशी लक्षणं दिसली की थेट ९११. काही दिवसांनी ताप येऊन तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सोलवटू लागली तर औषध थांबवून इमर्जन्सीत जा. ते औषध पुन्हा कधीही नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी नोंदलेली असते, पण तपासल्यावर खरी अ‍ॅलर्जी १ टक्क्याहून कमी जणांत निघते. खऱ्या तात्काळ अ‍ॅलर्जीवाल्यांपैकीही सुमारे ८० टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते. “लहानपणी इंजेक्शनने पुरळ आलं होतं” एवढ्यावर पन्नास वर्षं पेनिसिलीन टाळलं, तर वाट्याला अधिक तीव्र औषधं येतात. अ‍ॅलर्जिस्टकडे त्वचेची चाचणी करून, मग देखरेखीखाली डोस देऊन याचा निकाल लावता येतो. घरी प्रयोग करू नका.

त्या रकान्यात नुसतं ‘पेनिसिलीन’ किंवा ‘सल्फा’ न लिहिता औषधाचं मूळ नाव, साधारण साल, नेमकं काय झालं आणि गोळीनंतर किती वेळाने, हे लिहा. भारतातल्या गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाबरोबर मूळ नावही असतं. पाकीट फेकण्याआधी फोटो काढून ठेवा.

सासूबाईंच्या पर्समध्ये आता एक कार्ड आहे, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी बाजू त्यांनी स्वतः लिहिली आहे, साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवायला.